वेणूबाईंचं चौथं दुकान

पनवेलात टपाल नाक्याजवळच्या दुकानात प्रत्येक बाटलीवर एका बाईचा फोटो आहे. नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा आणि गालांवर असं तेज, की बाटली रिकामी झाली तरी फेकवत नाही. ही बाई म्हणजे वेणू काशीराम घरत. फोटो काढला त्याच्या आधी ती सलग दोन रात्री नीट झोपली होती. एवढाच त्या फोटोतला मेकअप.

त्यानंतर दुकानं वाढली आणि चेहरा उतरला. आता एखादं गिऱ्हाईक बाटलीकडे बघतं, गल्ल्यामागच्या वेणूकडे बघतं, पुन्हा बाटलीकडे बघतं आणि भीतभीत विचारतं, "या... तुमच्या कोण?"

"ती माजी धाकटी भैन," वेणू सांगते. "माज्यापेक्षा जास्त खपते."

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर वेणूचा लेप चांगला चालतो. तो लेप घोटता घोटता तिच्याच डोळ्यांखाली ती वर्तुळं आली आहेत. "तुम्ही नाही का हो लावत?" असं एका बाईंनी खारघरच्या दुकानात विचारलं, तेव्हा वेणू म्हणाली, "लावते की. पन लेप लावून डोळे मिटून पडायचा असतं. तिथं घोडा आडतो."

खरं सांगायचं तर वेणूने धंदा वाढवला नाही. तिला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून तो वाढला. लोक म्हणतात जिद्द, चिकाटी, दूरदृष्टी. मागे महिला दिनाला एका मंडळाने तिला शाल देताना हे तिन्ही शब्द माइकवर म्हटले होते आणि वेणूने शाल नको म्हणता येईना म्हणून घेतली होती.

सुरुवात हळदीपासून झाली. पनवेल-उरणच्या आगरी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला नाही गेलं तर माणूस कारण विचारतो. हळदीला नाही गेलं तर बोलणं सोडतो. वेणूचं माहेर चिरनेरचं. तिची आई त्या पंचक्रोशीतली धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नातले विधी सांगणारी आणि प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणणारी बाई. भटजी उशिरा आला तर लग्न खोळंबत नसे, धवलारीण उशिरा आली तर नवरा घोड्यावरच बसून राही. या आईच्या हाताखाली वेणू नवरीचं उटणं कुटायला शिकली, केसांचं तेल कढवायला शिकली. लग्न होऊन पनवेलला, तक्क्याच्या गावठाणात आली तशी इथल्या नवरीमुलींसाठीही उटणं करू लागली. नवऱ्या उजळल्या की नाही देव जाणे, पण आलेल्या बायकांना तसं वाटलं, आणि हळदीत त्याहून जास्त कशाची गरज नसते. बायका बरण्या घेऊन दारात येऊ लागल्या.

मग एक दिवस नवऱ्याच्या, काशीरामच्या, टपाल नाक्याजवळच्या गाळ्यातला फोटो स्टुडिओवाला गाळा सोडून गेला. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर तो तरी काय करणार. काशीराम घरी येऊन म्हणाला, "गाळा रिकामा हाय. तुज्या बरन्या मांडतेस का?"

वेणू म्हणाली, "बरा." हे पहिलं दुकान.

मग नणंद आली. तिचा मुलगा हृतिक चांगला तिशीचा झाला होता आणि त्याने तोवर तीन नोकऱ्यांना आपल्या स्वभावाची ओळख करून दिली होती. नणंद पदराने डोळे पुसत म्हणाली, "वैनी, तुजा एवढा मोठा धंदा. माज्या पोराला कुटं तरी उभा कर गो."

उभा करायला जागा हवी म्हणून नवीन पनवेलला दुसरं दुकान निघालं. हृतिक तिथे बहुतेक वेळ बसूनच असतो, ही गोष्ट वेगळी.

तिसरं दुकान सुनेचं. अंकिता खारघरच्या नोकरदार घरातली, एमबीए झालेली. वेणूचा मुलगा भावेश द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरांचा हिशेब बघतो आणि घरी असला तरी फोनवर कंटेनरबद्दलच बोलत असतो. त्यामुळे अंकिताच्या गप्पा सासूशीच जास्त. घरात येऊन जेमतेम सहा महिने झाले असतील, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आई, आपण खारघरला एक बुटीक काढूया का?"

काशीराम म्हणाला, "बुटीक म्हंजे कपऱ्यांचा ना?"

वेणूला बुटीक म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं, पण सुनेने घरात पहिल्यांदा काही मागितलं होतं. तिनं तवा मागितला असता तर तवा दिला असता. तिने बुटीक मागितलं. वेणू म्हणाली, "काडूया गो." अंकिताने तिथे पांढऱ्या भिंती केल्या, लाकडी फळ्या लावल्या, उटण्याच्या पुडीला सुतळीची गाठ मारली. तीच पुडी टपाल नाक्यावर घासाघीस करून घेणाऱ्या बायका खारघरला जाऊन न बोलता घेऊ लागल्या. अंकिता कामाला वाघीण होती आणि मनाने चांगली होती. अशा सुनेवर रागावता येत नाही, हा तर आणखी एक वैताग.

आता तेलाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पुढे त्या तेलावरच आलं.

माका, ब्राह्मी, जास्वंद आणि कढीपत्ता यांचा रस काढायचा, खोबरेल तेलात घालायचा आणि रसातलं पाणी पुरतं उडून जाईपर्यंत मंद आचेवर कढवायचं. पाणी राहिलं तर तेल खवट होतं. किती वेळ कढवायचं? वेणूच्या आईकडे घड्याळ नव्हतं, गळा होता. ती तेलाला धवला लावायची. मांडवात पाहुण्यांना मान द्यायचा जो धवला आहे, तो सुरू केला की तेल चढवायचं आणि संपला की उतरवायचं.

"पैला मान गावदेवीला गो, मांडवाच्या मेढीला,
दुसरा मान मामाला गो, बसवा त्याला ओटीला."

या धवल्याची सोय अशी की त्यात नाती हवी तितकी घालता येतात. एकेका नात्याला एक कडवं. घरच्यापुरता लहान टोप असला की देव, मामा, मामी, मावशी, आत्या एवढ्यात तेल होई. टपाल नाक्याचं दुकान निघालं तेव्हा टोपाची कढई झाली आणि धवल्यात काका-काकू आले. नवीन पनवेलनंतर कढई मोठी झाली, तेव्हा चुलत-मावस घराणं मांडवात शिरलं. खारघरसाठी काहील आली, गूळ करतात तेवढी, आणि मग व्याही, विहिणी, व्याह्यांचे भाऊ, भावांचे साडू अशी वऱ्हाडं उतरू लागली. परसातल्या शेडमध्ये वेणू लाकडी दांडा ढवळत या सगळ्यांना एकेक करून ओटीवर बसवायची, पाय धुवायला पाणी द्यायची, पानसुपारी द्यायची. खऱ्या लग्नात यजमानीण दमणार नाही एवढी ती एका काहिलीत दमायची.

गेल्या काही महिन्यांत मात्र बाटल्या परत येऊ लागल्या होत्या.

पहिल्यांदा हृतिक म्हणाला, "मामी, लोक बोलतात तेलाला वास येतो."

"तुज्या दुकानावर सांजचा ऊन येतं. बाटल्या तापतात."

मग टपाल नाक्यावरची एक जुनी गिऱ्हाईक बाटली घेऊन आली आणि झाकण उघडून वेणूच्या नाकाखाली धरली. तेव्हा वेणूने नारळवाल्याला दोष दिला. त्यानंतर बाटलीवाल्याला, मग दमट हवेला. शेवटी अंकिताने जपून विषय काढला. "आई, आपण तापमान बघायचं आणि टायमर लावायचा का? म्हणजे प्रत्येक बॅच सेम येईल."

"टायमर तुज्या कुकराला लाव," वेणू म्हणाली. एरवी कुणाला नाही न म्हणणारी बाई तेलाच्या बाबतीत मात्र आपल्या आईची मुलगी होती.

अंकिताने वाद घातला नाही. तिने टोमॅटोच्या आकाराचा एक टायमर आणून शेडच्या खिडकीत ठेवला. तो काशीरामने दुपारच्या झोपेसाठी लावून घेतला आणि त्याला तो फार आवडला.

अशातच जगनचा फोन आला. जगन हा वेणूचा पाठचा भाऊ. घरची मिठागराची आणि शेताची जमीन सरकारने नव्या शहरासाठी घेतली, बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत द्यायच्या योजनेत द्रोणागिरीला प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डरने इमारत बांधली आणि खालचे काही गाळे जगनच्या वाट्याला आले. त्यातला एक त्याने बहिणीसाठी ठेवला होता.

"बाय, रस्त्यावरचा गाळा हाय. भाडा-बिडा काय नको. तुजा चवथा दुकान माज्या हातानी व्हनार. माहेरचा समज."

बाकीच्या तीन दुकानांच्या वेळी वेणूला नाही म्हणता आलं नव्हतं, पण निदान तोंडात आलं तरी होतं. इथे ते तोंडातही येईना. माहेरचं कुणी नाकारतं का? भाऊबीजेचं ताट भावाच्या तोंडावर परत करण्यासारखंच ते. ती म्हणाली, "बघू." जगनने त्याचा अर्थ हो असा लावला. तिच्या "बघू"चा अर्थ लोकांनी नेहमी तोच लावला होता, आणि तो कधी चुकलाही नव्हता.

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त ठरला. वेणू आतून हबकली. तीन दुकानांना सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अशी ती रोज पुरत होती. चौथ्याला दिवसाचा चौथा भाग कुठून आणायचा? खांदा उचलत नव्हता. केस विंचरताना फणी अर्ध्यात ठेवावी लागे. मागल्या आठवड्यात खारघरच्या दुकानात फळीला टेकून ती उभ्याउभ्या झोपली होती आणि एका लहान मुलीने आईला विचारलं होतं, "मम्मा, हा पुतळा विकायचा आहे?" वेणूने ठरवलं, या वेळी नाही म्हणायचं. जगन समोर आला की बसवायचं, चहा द्यायचा आणि सरळ सांगायचं. तेल ढवळताना तिने सरावही केला. "जगन, नाय." फार तुटक वाटलं. "जगन बाळा, नाय जमनार." यात नंतर रडू येणार हे दिसत होतं.

जगन आला तो नेमका काहील चुलीवर चढलेली असताना. पांढऱ्या गाडीतून उतरला, गळ्यात जाड साखळी, एका हातात करंजा बंदरातून आणलेल्या सुक्या जवळ्याची पिशवी, दुसऱ्या काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. तो त्याने शेडच्या दारातच उलगडला. भव्य उद्घाटन. वर वेणूचा बाटलीवरचा फोटो आणि खाली जगनचा, तिच्या दुप्पट.

"दाजी, कसा वाटतो?"

काशीरामने मान तिरकी करून बघितलं. "तेल तू लावतोस असा वाटतं."

"बाय, तू सांग."

"थांब, धवला चुकंल," वेणू म्हणाली. "बस त्या खोक्यावर. तेल उतरू दे, मग बोलू." तिने दांडा हातात घेतला आणि गायला सुरुवात केली.

जगन खोक्यावर बसला. आईच्या मागोमाग लहानपणी तोही मांडवामांडवातून फिरला होता. बायका गात, तेव्हा तो ओटीवर लाडू खात बसे, पण कानावर पडलेलं जात नाही. वेणू गाऊ लागली तसे त्याचे ओठही हलू लागले. गावदेवी झाली, मामा ओटीवर बसला, जगनने मान डोलावली. मग एकदम त्याची मान थांबली. वेणू पुढे गेली होती, तो मागे राहिला होता. त्याने पुन्हा तिला गाठलं, ती पुन्हा सुटली. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"उतरवा," वेणू म्हणाली. कामाला येणाऱ्या दोघी बायका फडकी घेऊन पुढे झाल्या.

"संपला?" जगन म्हणाला.

"संपला."

"मामी कुटं गेली?"

"कोन मामी?"

"मामाला बसवलास, मामीला नाय बसवलास. काकाला पानी दिलास, पान नाय दिलास. व्याही तं गाडीतून उतरलेच नाय." जगन उठून उभा राहिला. "आनि मावशी? बाय, मावशी कुटं हाय?"

"आली असंल की."

"आली असंल? अगो, रुसलेली मावशी ती! आयनी तिला तीन कडवी दिली व्हती. एका कडव्यात रुसते, एका कडव्यात मनवतात, एका कडव्यात येते. तू तं तिला आवतनच नाय दिलास! नवरदेवाला काय यष्टी पकडायची व्हती काय गो?"

बायका खुदकन हसल्या. वेणू हसायला गेली आणि तोंड तसंच राहिलं.

ती काहिलीजवळच्या पाटावर खाली बसली आणि आठवू लागली. मावशी कधी गेली? टपाल नाक्याच्या वेळी तर होती. नवीन पनवेलच्या वेळीही रुसत होती. मग खारघर आलं, दुपारी तिथे पोचायचं असे, अंकिताचा फोन येई, आई, निघालात का, आणि तेव्हा कधीतरी मावशीचं मनवणं सुटलं असावं. मग रुसणंच सुटलं. एकदा रुसायची मावशी गेल्यावर मामीला कोण विचारतं. तोंडातली कडवी नकळत गळत गेली, दम पुरेनासा झाला तशी चालही पळू लागली, आणि वेणूला वाटत राहिलं की आपण आईसारखंच गातो आहोत.

तिच्या आईची आणखी एक रीत होती, ती वेणूने कित्येक वर्षांत केली नव्हती, कारण धवला चुकतो हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिने देवघरातून एक फुलवात आणवली, वर तरंगणाऱ्या तेलात बुडवली आणि पेटवली. पाणी गेलेलं तेल मुकाट जळतं.

वात तडतडली. चांगली, दिवाळीच्या लवंगीसारखी तडतडली.

काशीरामने हळूच म्हटलं, "दमट हवा हाय," पण ते बायकोवरच्या मायेपोटी, आणि त्याचं त्यालाही पटलं नाही.

अंकिता घरातून आली, वात बघितली आणि सगळं समजली. मी सांगितलं होतं ना, असं ती म्हणाली नाही. एखादीने म्हटलं असतं तर वेणूला भांडता तरी आलं असतं. ती सासूच्या शेजारी जमिनीवर टेकली आणि म्हणाली, "आई, ही काहील अजून इथेच आहे. परत कढवू. जी बाटल्यांत गेली ती तिन्ही दुकानांतून काढून घेऊ. ज्यांनी नेली त्यांना मी कळवते, बदलून देऊ. होतं असं."

"असा नाय व्हत," वेणू म्हणाली. "आयचा कवा नाय झाला."

"तुमच्या आईंकडे एकच टोप होता, आई."

थोड्या वेळाने अंकिताला धीर आला. "मी काय म्हणते, तुम्ही एकदा पूर्ण धवला म्हणा. सगळ्या पाहुण्यांसकट. मी वेळ धरते. मावशीसुद्धा. मग तेवढा वेळ लावून ढवळायचं मशीन आणू. तुम्हाला उभं राहायलाच नको."

"ह्ये बरा!" जगनला उमेद आली. "बघा दाजी, शिकलेली सून. आता बाय, तुला गायाची बी गरज नाय. मशीन ढवळनार, तू फक्त दुकानात बसायचा. तीनचीच काय, चार दुकानांची काहील येका दमात निघंल! मुहूर्त बी हलवायला नको."

काशीरामने मान डोलावली. बायकांनी मान डोलावली. हृतिक तिथे असता तर त्यानेही बसल्या बसल्या डोलावली असती. प्रश्न सुटला होता. सगळ्यांचे चेहरे असे उजळले की त्यांचेच फोटो बाटलीवर लावावेत.

वेणू त्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. आतापर्यंत तिला वाटत होतं, तेल अडचणीचं आहे, खांदा अडचणीचा आहे, दिवस अपुरा आहे. यातलं काहीतरी कारण पुढे करून सुटता येईल. आता एकेक कारण ही प्रेमाची माणसं उचलून बाजूला ठेवत होती, आणि मागे फक्त ती उरत होती.

"नाय," वेणू म्हणाली.

कोण बोललं ते बघायला काशीराम मागे वळला.

"काय नाय?" जगनने विचारलं.

"चवथा दुकान नाय."

"आता काय प्रॉब्लेम हाय गो? मशीन आननार ना?"

"प्रॉब्लेम नाय काय. मी दमले, जगन."

"मग दोन दिस झोप काड. मुहूर्ताला येळ हाय."

"दोन दिसांची नाय रे ही. तुज्या गाळ्यात येऊन मी आजून येक वरीस हसंन. सगल्यांना बरा वाटंल. मग कोनतरी पाचवा काडंल आनि मी 'बघू' म्हनंन." तिचा आवाज चढला नव्हता. "माज्या गान्यातनं मावशी गेली आनि मना कळला नाय. आजून काय काय गेलंय ते आता मी कवा बघू?"

जगनने फ्लेक्स गुंडाळायला घेतला. तो मोठा असल्यामुळे नीट गुंडाळला जाईना, काशीराम एक टोक धरायला गेला तर त्याने हिसकावून घेतलं. "माहेरचा दिलेला लाथाडलास बाय तू. गावात सांगितलाय मी सगल्यांना. आता काय सांगू?"

"सांग, बाय दमली."

"बायका दमतात म्हनून दुकान बंद करतात व्हय?" तो म्हणाला आणि चहा न पिता गेला. गाडीचं दार लागलेला आवाज शेजारच्या गल्लीतही ऐकू गेला असेल. जवळ्याची पिशवी तेवढी तो ठेवून गेला. राग असला तरी जवळा परत नेण्याएवढा नव्हता.

पुढचे दिवस वाईटच गेले. तिन्ही दुकानांतल्या तेलाच्या फळ्या रिकाम्या झाल्या. अंकिताने फोनवरून गिऱ्हाइकांना खरं ते कळवलं. काही जणी समजूतदार निघाल्या, एकीने "आमचे केस गेले त्याचं काय" असं लिहिलं, आणि तिचे केस बारा वर्षांपासून जात होते हे वेणूला माहीत असूनही गप्प बसावं लागलं. हृतिक म्हणाला, "मामी, यावर एक काँबो ऑफर..." आणि मामीने त्याच्याकडे बघितल्यावर पुढचं गिळून टाकलं.

मग एका सकाळी वेणूने अंकितासमोर पूर्ण धवला म्हटला. सोपं नव्हतं. मामी येईपर्यंत दम लागला. "थांबा आई, श्वास घ्या," अंकिता म्हणायची आणि वेळ थांबवायची. मावशीच्या दुसऱ्या कडव्याला ओळच आठवेना. जगनला आठवली असती, पण त्याला फोन करायची सोय राहिली नव्हती. वेणूने खूप वेळ डोळे मिटून बसून ती आठवली. व्याह्यांच्या भावांचे साडू ओटीवर बसेतो दोघीही थकल्या. अंकिताने शेवटी आकडा बघितला. वेणू अलीकडे कढवत होती त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ निघाला होता.

"एवढं सगळं तुम्ही रोज गात होतात?" अंकिताने विचारलं.

"गात व्हते. मग नुसतीच तोंड हलवत व्हते."

अंकिताने त्यानंतर खारघरचं दुकान दुपारचं बंद ठेवायचं ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाली, गर्दी नसते. पण त्याच दुपारी ती सासूच्या खोलीत येऊन पाय लांब करून भिंतीला टेकली आणि फोन उशीखाली ढकलून दिला. वेणूने विचारलं नाही. तीन दुकानं चालणार होती. वेणूने सांगितलं, मी आठवड्यातून एकदा येईन, तेही बसायला. चौथ्याचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी वेणूने पिशवी भरली. काशीराम बघतच राहिला, कारण पिशवीत एकही बाटली नव्हती. गेली कित्येक वर्षं ती माहेरी गेली की दोन खोकी बरोबर असत आणि चिरनेरच्या बायका गाडीभोवती जमत.

"कुटं निघालीस?"

"चिरनेरला. चार दिस."

"अगो, जगन रुसलाय ना?"

"म्हनून तं जाते. त्यो बोलायचा नाय, मना झोप लागंल."

आणि जगन खरंच बोलला नाही. पहिल्या दिवशी त्याने सगळा कारभार बायकोमार्फत केला. "स्नेहल, तिला इच्चार, भात घेते का." वेणू दोन हात अंतरावर बसलेली. स्नेहल मोठ्याने म्हणाली, "ताई, भात घेता का?" वेणू म्हणाली, "सांग त्याला, अर्धा." अर्ध्याऐवजी जगनने स्वतः उठून पाऊण वाढला, तोंड दुसरीकडे ठेवून.

झोप मात्र लागेना. इतकी वर्षं डोळा लागू द्यायचा नाही ही सवय झालेली. शरीर आडवं झालं तरी पाय आतून चालतच राहिले. पहिल्या दुपारी ती उठून अंगण झाडू लागली, तर स्नेहलने झाडू काढून घेतला. दुसऱ्या दुपारी तिने तांदूळ निवडायला घेतले, तर सूप नेलं. तिसऱ्या दुपारी करायला काहीच ठेवलं नव्हतं, तेव्हा ती पुढच्या खोलीतल्या गादीवर पडली आणि कौलांकडे बघत राहिली. रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक जात होते, भिंत थोडी थरथरायची, थांबायची.

जगन दारात आला. काहीतरी शोधतोय असा आव आणून कपाटाजवळ गेला, उगीच एक खण उघडला, बंद केला.

"आता तरी सांग," तो कपाटाला म्हणाला. "त्या गाळ्याचा काय करू?"

"भाड्यानी दे."

"कोनाला देऊ? मोबाईलवाला येतो, गादीवाला येतो. कोन बरा?"

"मना काय इच्चारतोस?" वेणू कुशीवर वळत म्हणाली. "मी झोपाला आलीय."

जगनने रस्त्याकडच्या खिडकीची दोन्ही दारं लावली, गादीवाल्याशी फोनवर बोलायला मागच्या परसात गेला आणि तिथेही आवाज खाली ठेवूनच बोलला.